टायब्रेकरआधीचा कानमंत्र

गडहिंग्लजच्या माहितीपट महोत्सवाला त्या वर्षी जी गर्दी लोटली, तशी गर्दी त्या गावात एरवी फक्त फुटबॉलच्या फायनलला होते. दरवर्षी महोत्सवाला येणारी माणसं ठरलेली. कॉलेजातले काही प्राध्यापक, ज्याची फिल्म लागणार त्याचे नातेवाईक, आणि उन्हातून आत शिरून पंख्याखाली डुलकी काढणारे दोघे-तिघे. या खेपेला मात्र पंधरवडा आधीच पास संपले होते. जिन्यात बसून बघतो, पण आत घ्या, असं म्हणत लोक आयोजकांच्या घरी जात होते.

त्याला कारणं दोन होती. एक नवं यंत्र, आणि दुसरे दिवंगत मगदूम सर.

मगदूम सरांची मुलगी हेमांगी पुण्यात राहायची. कारखान्यांसाठी, संस्थांसाठी छोट्या फिल्म करून ती पोट भरायची आणि त्यातून वेळ काढून स्वतःचे लघुमाहितीपट करायची. त्या वर्षी तिने वडिलांवर वीस-बावीस मिनिटांची फिल्म केली. सर शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी मुलींना फुटबॉल. मुलींनी चड्डी घालून मैदानात उतरायचं म्हणजे काय, असं गाव विचारत होतं त्या काळात त्यांनी संघ उभा केला होता. २०१६ साली त्याच संघाने एका मोठ्या शहराच्या बलाढ्य संघाला टायब्रेकरमध्ये हरवून महिला गटाचा करंडक आणला. त्या सामन्याची आख्यायिका गावात चहाच्या प्रत्येक गाड्यावर ऐकायला मिळे. टायब्रेकरआधी सरांनी गोलकीपर सुगंधा नेवडेला बाजूला घेतलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पोरीने लागोपाठ तीन पेनल्टी अडवल्या.

काय सांगितलं? ज्याला विचाराल त्याच्याकडे वेगळं उत्तर होतं. कुणी म्हणे, समोरची प्रत्येक मुलगी कुठे मारणार ते सरांनी आधीच हेरलं होतं. कुणी म्हणे, त्यांनी श्वासाची एक युक्ती शिकवली. सर स्वतः विचारणाऱ्याकडे बघून नुसते हसत. सुगंधा तेवढंही करत नसे. चार वर्षांपूर्वी सर गेले आणि तो कानमंत्र त्यांच्याबरोबरच गेला, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

तो क्षण टिपलेला होता, आणि टिपणारी हेमांगीच होती. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला तिवईवर कॅमेरा लावून, लांबचं भिंग वापरून तिने वडिलांना आणि सुगंधाला जवळ आणलं होतं. सरांच्या हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, मान खाली घातलेली, ओठ हलताहेत. पण कॅमेरा मैत्रिणीचा, उसना आणलेला, आणि त्याचा माइक आधीच बिघडलेला. चित्र होतं, आवाज नव्हता. फिल्ममध्येही तिने तो तुकडा तसाच मुका ठेवला होता.

महोत्सवाचे सचिव मल्लिकार्जुन कोरी हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. महोत्सवासाठी आलेली ही फिल्म बघून झाल्या झाल्या त्यांनी हेमांगीला फोन लावला.

"हेमांगी, तुझ्याकडे त्या दिवशीचं मूळ चित्रीकरण आहे? कापलेलं, दाबून लहान केलेलं नको. कॅमेऱ्यातून निघालं तसंच."

"आहे की सर. का?"

"घेऊन ये. आमच्याकडे कंपश्रुती आली आहे."

कंपश्रुतीबद्दल हेमांगीने ऐकलं होतं. तेव्हा सगळेच तिच्याबद्दल बोलत होते. तत्त्व जुनं होतं. आवाज म्हणजे हवेतला कंप. तो ज्या वस्तूवर आदळतो ती वस्तूही कापते. झाडाचं पान कापतं, पडदा कापतो, वेफर्सचं पाकीट कापतं. हे कापणं इतकं सूक्ष्म असतं की डोळ्याला ते कधीच दिसणार नाही. पण कॅमेऱ्याच्या चित्रात कडांच्या ठिपक्यांची छटा त्यामुळे किंचित बदलते, आणि यंत्राला तो बदल मोजता येतो. आता कुणी म्हणेल, सेकंदाला पन्नास-साठ चित्रांमधून आवाजाची शेकडो आंदोलनं कशी सापडतील? उत्तर २०१६च्या सुमाराच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या एका दोषात होतं. ते कॅमेरे अख्खं चित्र एका झटक्यात घेत नसत. वरून खाली, ओळीमागून ओळ वाचत. म्हणजे एकाच चित्रातली वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात क्षणाच्या बारीकशा अंशाचं अंतर पडे. ज्याला छायाचित्रकार वैतागत, तो दोषच आता कामाला आला होता. प्रत्येक ओळ म्हणजे आवाजाचं एक मोजमाप. मध्ये उरलेल्या फटी यंत्र माणसाच्या बोलण्याच्या अभ्यासावरून भरून काढी आणि आपली खात्री किती आहे तेही सांगे. पक्का शब्द हिरवा, अंदाजाचा शब्द पिवळा.

यंत्र आलं आणि गावोगावी लोकांनी कपाटं उपसली. एका बाईंना बारशाच्या मुक्या चित्रीकरणातून आपल्या आईचं गुणगुणणं ऐकू आलं. एका जोडप्याला लग्नाच्या पंगतीत मांडवाच्या झालरीने ऐकलेलं मामेसासऱ्यांचं बोलणं मिळालं, आणि दोन घरांचं जाणंयेणं थांबलं. नगरपालिकेच्या सभेत टेबलांवरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या जाऊन जाड काचेचे पेले आले. कायद्याला अजून जाग यायची होती. महोत्सवाने त्या वर्षी 'हरवलेले आवाज' नावाचा खास विभाग ठेवला, आणि कोरीसरांनी खटपट करून ते यंत्र महिनाभरासाठी कॉलेजात आणलं.

हेमांगी दुसऱ्याच दिवशी गडहिंग्लजला पोचली.

प्रयोगशाळेत पडद्यावर सरांच्या हातातली बाटली एवढी मोठी झाली होती की तिच्यावरचे थेंबही मोजता आले असते. कोरीसरांनी बाटलीच्या कडांभोवती चौकट आखली आणि यंत्र सुरू केलं. बराच वेळ नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक बारीक शिट्टी वर आली.

"रेफ्री!" हेमांगी खुर्चीतून उठलीच.

पाठोपाठ गर्दीचा गोंगाट, कुठेतरी हलगी, "भडंगऽ" अशी फेरीवाल्याची लांब हाक. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ एका पाण्याच्या बाटलीतून बाहेर पडत होती. आणि मग अगदी जवळून, घोगऱ्या, ओळखीच्या आवाजात एकच शब्द उमटला.

"सुगे..."

कोरीसरांनी पटकन यंत्र थांबवलं.

"सरच," कोरी म्हणाले. "पुढचं सगळं नीट साफ व्हायला यंत्राला एक-दोन दिवस लागतील. हेमांगी, एक सुचवू? पुढचं आपण आता ऐकायचंच नाही. महोत्सवात, भरल्या सभागृहात, तुझी फिल्म चालू असताना पहिल्यांदा ऐकवायचं. तुलाही तेव्हाच, मलाही तेव्हाच."

"चालेल!" हेमांगी म्हणाली. विचार करायला ती थांबलीच नाही.

खरं तर तिच्या या उत्साहाला एक दुखरी किनार होती. ती कुणाला दाखवत नसे. त्या संघाची पहिली गोलकीपर हेमांगी होती. करंडकाच्या आधीच्या उन्हाळ्यात एका रात्री ताटावर बसल्या बसल्या सर म्हणाले होते, "उद्यापासून गोलमध्ये सुगंधा." एवढंच. कारण सांगितलं नाही, समजूत काढली नाही. हेमांगीने ताट सरकवलं आणि हातात कॅमेरा घेतला. पुढे बापलेकीत बोलणं होत राहिलं, पण ते दवापाण्याचं, गाड्यांच्या वेळांचं. सुगंधाच्या कानात ते बोलले ते शब्द कसे असतील, याचा विचार तिने किती वेळा केला होता, तिचं तिला ठाऊक. आपल्या वाट्याला जे आलं नाही ते निदान कानांनी ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. चौकात फलक लागला: 'मगदूम सरांचा कानमंत्र, प्रथमच!' मुलींच्या नव्या फुटबॉल अकादमीला 'कानमंत्र' असं नाव द्यायचं नगराध्यक्षांनी जाहीर करून टाकलं. लोक हेमांगीला रस्त्यात अडवून पैजा सांगत होते.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी ती सभागृहात पडद्याचा ताण तपासत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हेमाताई."

सुगंधा दारात उभी होती. कोल्हापूरच्या अग्निशमन दलात ती आता अधिकारी होती. गणवेशातच आली होती. उंची तीच, खांदे तेच, केसांत थोडा पांढरा रंग.

"सुगे! अगं, कधी आलीस? फोन तरी करायचास." हेमांगी खाली उतरून पुढे झाली, पण सुगंधा जागची हलली नाही.

"फलक बघून आलो," ती म्हणाली. तिकडच्या मुली बोलतात तशी ती अजूनही 'आलो, गेलो'च म्हणायची. "ते ऐकवू नको."

"का?"

"सर ते बोलले कारण कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून. भोवती हजारो माणसं होती, पण ते बोलणं आमच्या दोघांतलं होतं. तुझ्या यंत्रानं ऐकलं म्हणून ते गावाचं झालं का?"

"माझ्या बापाचा आवाज आहे तो, सुगे."

"अर्धा माझा आहे. मला कुणी विचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. फलक, पास, नगराध्यक्ष, सगळं झालं होतं. हिला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

"इतकी वर्षं मी तुला विचारत आले," हेमांगी म्हणाली. "फिल्मसाठीसुद्धा विचारलं. तू तोंड उघडलं नाहीस. असं काय आहे त्यात?"

"तू ऐक," सुगंधा म्हणाली. "एकटी. मग ठरव. मी भावाकडं आहे."

हेमांगी तडक कॉलेजात गेली. कोरीसरांनी तिचा चेहरा बघितला, काही न विचारता यंत्र लावून दिलं आणि दार ओढून घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले. तिने कानांवर हेडफोन चढवले.

शिट्टी. गोंगाट. हलगी.

"सुगे... मला काय सुचंना झालंय." पडद्यावर शब्द उमटत होते, हिरवेगार. "कुठल्या बाजूला उडी मार म्हणून सांगू? मला न्हाई कळत. खरंच न्हाई कळत." मग एक हुंदका. यंत्राने त्यापुढे काहीच लिहिलं नाही. "हेमीला काढून तुला घेतलं. का काढलं ते तिला सांगायचं धाडस झालं न्हाई माझ्याच्यानं. ती बघ, तिकडं हुबी हाय कॅमेरा घेऊन. आज हरलो तर त्या पोरीला तोंड कसं दाखवू?"

आणि मग सोळा वर्षांच्या मुलीचा, जरा चिरका पण ठाम आवाज: "सर, रडू नका. ती बघत्याय. सरळ हुबं ऱ्हावा. मी बघतो."

"हेमीला सांगू नको."

"न्हाई सांगत."

गर्दी. शिट्टी. संपलं.

हेमांगीने ते पुन्हा ऐकलं. आणि पुन्हा. ज्या माणसाचे डोळे तिने कधी चष्मा पुसतानाही ओले झालेले बघितले नव्हते, तो माणूस मैदानाच्या पलीकडे एका पोरीपुढे रडत होता. तेही तिच्यामुळे. ती समोर कॅमेऱ्याला डोळा लावून उभी होती आणि तिला ते दिसलं नव्हतं. तिला वाटलं होतं, बाप मंत्र देतोय.

डोळे पुसून तिने पडद्याकडे नीट पाहिलं तेव्हा एक शब्द पिवळा होता. 'रडू'. खाली यंत्राने दुसरा पर्याय दिला होता, 'लढू'. सर, लढू नका. मी बघतो.

कोरीसर आत आले, त्यांनी ते ऐकलं आणि डोक्यावरून हात फिरवला. "हुंदका गोंगाटात लपवता येईल," ते हळूच म्हणाले. "मधली वाक्यं काढू. उरतं काय? 'सर, लढू नका, मी बघतो.' खोटं नाही म्हणता येणार, यंत्रच म्हणतंय. सरांचं नाव राहील, गावही खूश."

"आणि मग त्याला माहितीपट म्हणायचं?" हेमांगी म्हणाली. कोरीसर ओशाळले.

संध्याकाळी ती सुगंधाच्या भावाच्या घरी गेली. दोघी गच्चीवर बसल्या. वहिनीने आणून दिलेला चहा कुणी उचलला नाही.

"ऐकलंस?" सुगंधाने विचारलं.

"ऐकलं. रडू की लढू?"

सुगंधा आधी गोंधळली. मग कळल्यावर तिला हसू फुटलं. "रडू. लहान पोरागत रडत होते."

"मला का नाही सांगितलंस गं? ते गेल्यावर तरी?"

"शब्द दिला होता. आणि तू माझ्याशी सरळ बोलायचीस कुठं?"

ते खरं होतं. हेमांगी म्हणाली, "मला ते सगळं ऐकवायचंय. जसंच्या तसं."

"ऐकूनसुद्धा?" सुगंधा उसळली. "सरांचं गावात काय राहील? उद्या पोरं त्यांची नक्कल करतील!"

"आणि तुझं काय राहिलंय? उडी तू मारलीस, हात तुझे सोलले. नाव कुणाचं? कानमंत्राचं! आता अकादमीलासुद्धा तेच नाव देताहेत. जो मंत्र कधी दिलाच नव्हता, त्याचं. तुला काहीच वाटत नाही?"

"नाही वाटत." सुगंधा म्हणाली, "आधी वाटायचं. पहिली काही वर्षं तर लई वाटायचं. कुठंही गेलं की 'सरांच्या मंत्राची पोरगी'. एकदा वाटलं, ओरडून सांगावं. मग सर भेटले बाजारात. भाजीची पिशवी हातात. म्हणाले, सुगे, बरी हायस न्हवं? झालं. नाही सांगितलं."

"माझ्यासाठी बाबा कालपर्यंत नुसता पुतळा होता," हेमांगी म्हणाली. "पुतळ्यावर फिल्म केली मी. चांगली झाली म्हणतात लोक, पण मला माहीत आहे, आत कुणी नव्हतं. आज पहिल्यांदा त्यात माणूस आलाय. मला तो लोकांना दाखवायचाय गं. पण तू नाही म्हणालीस तर पुसून टाकीन. शपथ. यंत्रातूनसुद्धा."

सुगंधाने थंड झालेला चहा एका दमात संपवला.

"तू त्यांची लेक. तुला लाज वाटणार नसंल तर मला कशाला वाटंल?" ती म्हणाली. "पण मी पहिल्या रांगेत बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या संघातल्या मुली, आता कुणी शिक्षिका, कुणी दुकानदार, कुणी कॉलेजात जाणाऱ्या मुलांची आई, लांबलांबून आल्या होत्या. हेमांगी पडद्यापुढे येऊन दोनच वाक्यं बोलली. "यातले दोन आवाज ज्यांचे आहेत, त्यांपैकी एक आज नाहीत. दुसरीने परवानगी दिली म्हणून हे तुम्ही ऐकताय."

फिल्म सुरू झाली. भूगोलाचा तास, चिखलातला सराव, जुनी छायाचित्रं. मग तो तुकडा आला. बाटली चमकली आणि सभागृहात रेफ्रीची शिट्टी घुमली. माणसं खुर्च्यांच्या टोकावर आली.

"सुगे... मला काय सुचंना झालंय."

एकही खुर्ची करकरली नाही. हुंदका आला तेव्हा कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. "त्या पोरीला तोंड कसं दाखवू," या शब्दांवर हेमांगीने अंधारात ओठ घट्ट दाबले. मग त्या सोळा वर्षांच्या पोरीचा आवाज आला, "मी बघतो," आणि मागच्या बाजूला संघातली एक जुनी मुलगी मोठ्याने ओरडली, "वाघीण!"

आणि तिथून जे सुरू झालं त्याला चित्रपट बघणं म्हणत नाहीत. पडद्यावर पहिली पेनल्टी आली. यंत्राने गोलच्या जाळीतून काढलेला चेंडूचा धप्प आवाज आला, सुगंधा डावीकडे झेपावली, आणि सभागृह उभं राहिलं. निकाल पाठ असलेली माणसं दुसऱ्या पेनल्टीला श्वास रोखून होती. तिसरी तिच्या बोटांना लागून खांबावर आपटली आणि टोप्या, रुमाल, महोत्सवाची माहितीपत्रकं, हाताला लागेल ते हवेत गेलं. कोरीसर स्वतः खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होते. नगराध्यक्ष शेजारच्याला विचारत होते, "मग अकादमीला नाव काय द्यायचं?" आणि तीन-चार जण एकदम सांगत होते.

दिवे लागल्यावर लोकांनी सुगंधाला शोधून काढलं. ती सगळ्यांत मागे, दाराला टेकून उभी होती. पायऱ्यांवर बसलेल्यांच्या डोक्यांवरून हातोहात पुढे ढकलत तिला मंचावर आणलं गेलं. हेमांगीने तिच्या हातात माइक दिला. तो कसा धरायचा ते तिला कळेना.

तिसऱ्या रांगेतून मुलींच्या शाळेतल्या एक क्रीडाशिक्षिका उभ्या राहिल्या. त्यांचा स्वर जरा दुखावलेला होता. "मॅडम, म्हणजे सरांनी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं? मग तुम्ही तीन-तीन पेनल्टी अडवल्या तरी कशा?"

सुगंधा हेमांगीकडे बघून मग लोकांकडे वळली.

"तोवर मी रोज सरांना काय वाटंल ह्याच भीतीनं उडी मारायचो," ती म्हणाली. "डावीकडं मारली तर चुकंल का, उजवीकडं मारली तर ओरडतील का. त्या दिवशी ते म्हणाले, मलाच कळत नाही. म्हटलं, ह्यांनाच कळत नाही तर माझी चूक काढणार कोण? पहिल्यांदा मोकळी झालो बघा. मग नुसता चेंडू दिसाय लागला."